रेघेच्या वरची जागा

"मासे मुंबईच्या दुकानदाराला देऊन टाकतोय, बानाबाई," असं साहेब म्हणाले आणि बानाबाईच्या हातातलं ताट मोरीत आदळलं. स्टीलचं ताट, फुटायचा प्रश्न नव्हता. पण दणका असा बसला की साहेबांनी पेपर खाली ठेवला.

"देऊन टाकता? आन् म्या काय मेले का?"

आता खरं बोलायचं तर मासे साहेबांचे, त्यांची काचेची पेटी साहेबांची, आणि बानाबाई तिथं धुणीभांडी करायला यायची. पण साहेब महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मग तीन वर्षं त्या चार फुटी काचेतल्या खाऱ्या पाण्यात हात कुणी घातला? खाणं कुणी टाकलं? काचेवरचं शेवाळ ब्लेडनं कुणी खरवडलं? बानाबाईनं. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. माहेर करमाडचं, बाप मेंढरं राखणारा, सासर म्हणजे बजाजनगरातली दीड खोली. पण समुद्राचं पाणी कधी खराब व्हायला लागलं हे ती नुसत्या वासावरून सांगायची. मासे दोनच होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. जेजुरीच्या भंडाऱ्यात लोळून आल्यासारखे दिसायचे, म्हणून मोठीचं नाव तिनं भंडारी ठेवलं होतं. आणि धाकला सारखा वाळू उडवायचा, म्हणून तो उधळ्या. साहेबांना ही नावं माहीतसुद्धा नव्हती.

साहेबांची बदली झाली होती. शुक्रवारी, ऐन संक्रांतीला, सामान निघणार होतं आणि आज होता रविवार.

"तुम्हाला दिले असते हो," साहेब म्हणाले, "पण नुसत्या काचेनं भागत नाही. जुना फिल्टर पार बसलाय. याला खाली दुसरी टाकी लागते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी आपसूक खाली उतरतं, शिंपल्यांच्या चुऱ्यातून गाळून निघतं आणि पंप ते परत वर चढवतो. ते नसलं तर दोन महिन्यांत मासे मरतील. इथं ते बांधणार कोण?"

"म्या बांधीन."

तिचं तिलाच कळलं नाही, हे तोंडातून निघालं कसं. साहेब हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. वहीचा कागद फाडून त्यांनी पेन्सिलीनं चित्र काढून दिलं. वर मोठी काच, खाली लहान, मधे दोन पाईप. खालच्या काचेत साधारण तीनातले दोन भाग पाणी दाखवून त्यांनी एक आडवी रेघ मारली. "पाणी या रेघेपर्यंतच," असं म्हणेस्तोवर फोन वाजला आणि ते उठून गेले. परत आले ते दुसरंच बोलायला लागले. "मोठी काच घेऊन जा. मासे गुरुवारपर्यंत इथं लहान काचेत राहतील, मग न्या. शुक्रवारी दहाला जाता जाता तुमच्याकडे येतो. नीट चालतंय असं दिसलं तर मासे तुमचे. नाहीतर त्यांचा डबा माझ्या गाडीत असेलच."

बानाबाईनं कागद चोळीत खुपसला. बंगल्यातून निघाली ती जवळजवळ पळतच. भंडारी आणि उधळ्या आपल्या घरात! तिला रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

तिचा नवरा त्रिंबक वाळूजला एका कारखान्यात प्लेटिंगच्या खात्यात होता. नटबोल्ट ॲसिडच्या टाकीतून पाण्याच्या टाकीत आणि पाण्याच्या टाकीतून ॲसिडच्या टाकीत बुचकळायचे, हे त्याचं काम. टेम्पोतून चार फुटी काच उतरताना बघितली आणि तो उंबऱ्यावरच बसला.

"अगं, शहरात बंद, कंपनीत संपाची भाषा, आन् आता तू घरात सम्प आणती व्हय?"

"दात नका काढू. धरा तिकडनं."

काचेची तिसरी बाजू शेजारच्या वच्छलाबाईनं धरली. तिचं सगळं ध्यान त्या आठवड्यात रेडिओकडं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आज लागतो, उद्या लागतो, असं चाललं होतं. सोळा वर्षं झाली होती त्याला. पहिल्याच वर्षी मोर्चात मोडलेला तिच्या भावाचा हात अजून वाकडाच होता. काच भिंतीला टेकवून तिनं कमरेवर हात ठेवले. "आमचं सोळा वर्षांचं काम हाय, बाने, आन् तुझं पाच दिवसांचं. बघू कुणाचं आधी व्हतंय."

सोमवारी नवरा-बायको छावणीत गेले. निम्मा बाजार बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. पण शफीकभाईच्या काच-आरशाच्या दुकानाचं शटर गुडघ्याएवढं उघडं होतं. बानाबाई वाकून सरळ आत शिरली. शफीकभाईनं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि परत तिच्या हातात दिला.

"मैं तसबीरां के फ्रेम बनाताँ, भाबी. आरसे बसवतो. मछली का घर नक्को. पाणी गळलं तर मेरे सर पे."

"बेसिनवरच्या आरशाला भोक पाडता का नाय?"

"हौ, पाडतो."

"शोकेसच्या काचा चिकटवता का नाय?"

"चिकटवतो ना."

"मग राह्यलं काय? चिकटवलेली काच आन् भोक, येवढंच तर हाय त्याच्यात!"

त्रिंबक खाली मान घालून हसत होता. मग बानाबाईनं भंडारीचं वर्णन सुरू केलं. उधळ्या खाण्याचा तुकडा आधी तिच्यापुढं कसा नेऊन सोडतो, रात्री दोघं एकाच दगडाच्या कपारीत कशी झोपतात. पाव तास ती थांबली नाही. शफीकभाईनं चहा मागवला, चहा निवला, तरी ती बोलतच होती.

"खाऱ्या पाण्यात जिते रहते?" त्यानं विचारलं. "हमारे औरंगाबाद में?"

"व्हय तर!"

"या अल्ला," असं म्हणून त्यानं पट्टी आणि काच कापायची हिरकणी हातात घेतली. कागदावरची रेघ त्यानं काचेवर काळ्या खडूपेन्सिलीनं जशीच्या तशी उतरवली. "पानी इसके उपर नको."

"का?"

"मेरे को क्या मालूम? कागज में है."

मंगळवारी खालची टाकी तयार झाली. आता कठीण काम होतं ते वरच्या काचेचं. पाणी आपसूक उतरायचं तर वरच्या कडेपासून चार बोटं खाली रुपयाएवढं भोक पाडायला हवं. काच तडकली तर संपलं. नवी चार फुटी काच कुठून आणणार, आणि मग मासे गेलेच. शफीकभाई बजाजनगरला आला आणि टाकी गोधड्यांवर आडवी केली. त्यानं तांब्याच्या नळीचा तुकडा गिरमिटाला बसवला, बानाबाईकडून कणीक मळून घेतली, भोकाच्या जागेभोवती कणकेचं आळं केलं आणि आळ्यात पाणी आणि काच घासायची एमरीची पूड घातली.

"अब कोई बोलना नहीं," तो म्हणाला.

कोण बोलतंय! गिरमिट कुरकुर करत फिरायला लागलं. दारात निम्मी गल्ली जमली होती, तीसुद्धा चिडीचूप. बानाबाईनं खंडोबाला एक नारळ बोलला, मग दोन बोलले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मधेच काचेतून बारीक टिक् असा आवाज आला आणि त्रिंबकनं डोळेच मिटले. शफीकभाईच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब आळ्यात पडला, जानेवारीतल्या गारठ्यात. आणि मग खट्! काचेची गोल चकती गोधडीवर पडली.

"झालं!" बानाबाई अशी ओरडली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शफीकभाईनं ती चकती उचलून उजेडात धरली आणि जपून खिशात ठेवली. ती म्हणे तो पोरीला दाखवणार होता.

राहिला समुद्र. तो आणणार होता कडूबा, बानाबाईच्या माहेरचा, मुंबईच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. साहेबांसाठीही तोच आणायचा. होडीवाल्याला सांगून खाडीच्या बाहेरचं स्वच्छ पाणी भरून घ्यायचा. बुधवारी यायचा तो आला नाही. गुरुवारची सकाळ गेली. बंदोबस्तात ट्रक अडवून ठेवलेत, असं कुणीतरी सांगितलं. बानाबाई सारखी दारात जाऊन रस्ता बघत होती. दुपारी एकच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि ती अनवाणी धावली.

कडूबा खाली उतरला तोच हसत. "बाने, तुझ्यापायी आज आत जायची पाळी होती. बारा कॅन बघून पोलीस म्हनला, दारू हाय का? म्हनलं, नाय साहेब, समुद्र हाय. तर म्हनतो, समुद्र घेऊन कुठं चालला? म्हनलं, बजाजनगरला! त्याचा इश्वासच बसंना. शेवटी बोट बुडवून चाखलं, थू थू केलं आन् म्हनला, जा बाबा."

मग काय, घरात नुसती धांदल! त्रिंबकनं पाईप जोडले. पंपाच्या पाईपचं वरचं तोंड त्यानं काचेत हातभर खोल सोडलं. "असंच असतंय," तो ऐटीत म्हणाला. कंपनीत ॲसिड अंगावर उडू नये म्हणून पाईपचं तोंड नेहमी खोल ठेवतात, आणि पंधरा वर्षं त्याचा हात तसाच चालत आला होता. साहेबांकडचं जुनं पाणी, वाळू, दगड आधी काचेत गेले, वर दहा कॅन ओतले, पाणी गरम ठेवायची कांडी लावली. दुधाच्या कॅनमधून भंडारी आणि उधळ्या आले. बटण दाबलं. पंप गुरगुरला. वरच्या भोकातून पाणी खळाळत खाली उतरलं, शिंपल्यांतून गेलं, परत वर चढलं. एक थेंब बाहेर नाही! उधळ्यानं दोन मिनिटं नवी जागा बघितली आणि फर्रदिशी वाळू उडवली. बानाबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शफीकभाई, कडूबा, वच्छलाबाई, सगळे काचेपुढं फतकल मारून बसले. दीड खोलीत समुद्र आला होता, आणि तो तिनं आणला होता.

सगळे गेल्यावर तिला दोन गोष्टी दिसल्या. कोपऱ्यात दोन कॅन भरलेले उरले होते, आणि खालची टाकी रेघेच्या वर रिकामी होती.

आता बघा, बजाजनगरात तेव्हा दिवसाआड तासभर पाणी यायचं. त्या तासात हंडा, कळशी, पातेली, वाट्या, अगदी पोळपाटाखालचं ताटसुद्धा भरून ठेवणारी ही बाई. बहात्तरच्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती. विहिरीवरून अर्धा हंडा आणला की तिची माय तो दारातूनच परत पाठवायची, आणि दोन कोस पुन्हा चालावं लागायचं. अर्धं भांडं घरात आलं म्हणजे मायचा मार. ते तिच्या अंगात भिनलं होतं. रेघ मारणाऱ्यानं बहात्तर कुठं बघितलं असणार, असं तिच्या मनात आलं. शिवाय कॅनमध्ये राहून पाणी वास मारेल ते वेगळंच. तिनं एक कॅन ओतला, दुसरा पाऊण ओतला. टाकी काठोकाठ भरली तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती न्हाली, सुगडं मांडली, त्यांत ऊस, बोरं, हरभरे गच्च भरले. कंपनीला सुट्टी, त्रिंबक घरीच. दहाला पाच मिनिटं कमी असताना लाइट गेली. लाइनचं काम असेल. पंपाची गुरगुर थांबली, आणि घरात दुसराच आवाज सुरू झाला.

"बाने! पाणी!"

वरचं पाणी पंपाच्याच पाईपमधून उलटं खाली येत होतं. खाली जागा कुठं होती? काठोकाठ भरलेली टाकी चारी बाजूंनी सांडत होती. कडूबानं पोलिसांपुढून आणलेला समुद्र पलंगाखाली, सुगडांखाली, उंबऱ्याबाहेर गल्लीत चालला होता. वर काचेतलं पाणी बघता बघता पाच-सहा बोटं उतरलं होतं. भंडारी कपारीत घुसली होती आणि उधळ्या उघड्या पडलेल्या दगडाभोवती वेड्यासारखा फिरत होता. त्रिंबक पंप हलवून बघत होता, पाईप दाबत होता. पाणी थांबेना.

बानाबाई पाईपकडं बघत होती. आणि एकदम तिला रॉकेलची नळी आठवली. रेशनच्या डब्यातून स्टोमध्ये रॉकेल ओढायचं झालं की थांबवायला काय करतो आपण? ती स्टुलावर चढली, खोल बुडालेलं पाईपचं तोंड तिनं दोन्ही हातांनी पाण्याच्या वर उचललं. पाईपनं हवा ओढली, गुळगुळ आवाज केला आणि धार तुटली.

ती तशीच उभी राहिली, पाईप छातीशी धरून. आणि दारात साहेब होते, चपला हातात घेऊन.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांनी ड्रायव्हरला डबा आणि जाळी आणायला सांगितलं.

बानाबाई खाली उतरून काचेच्या आडवी आली. "साहेब, चूक माझी हाय. तुमी रेघ मारली व्हती, म्या तिच्या वर भरलं. रिकामं बघवंना मला. पर आता कळलंय ती रेघ कशापायी. वरचं खाली आलं तर त्याला जागा पायजे. लाइट येऊ द्या. मग तुमच्या हातानं बटण बंद करा. थेंब सांडला तर न्या मासे, म्या जाळी धरून देते."

"आणि मी सांगितलं नाही, का ते," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. "अर्धा तास."

मग जी धावपळ झाली! तिनं तांब्यानं खालच्या टाकीतलं पाणी उपसलं, गाळून वरच्या काचेत टाकलं. कॅनमध्ये पाव कॅन शिल्लक होतं तेही वर गेलं. त्रिंबकचं तोंड एवढंसं झालं होतं. आपणही चुकलो, हे त्याला कळलं होतं. ॲसिडसाठी जे बरोबर ते इथं उलटं. त्यानं पाईपचं तोंड वर घेतलं, पाण्याच्या दोन बोटं खाली राहील असं, आणि खिळा तापवून त्याच्या वरच्या अंगाला एक भोक पाडलं, हवा घ्यायला. वच्छलाबाई आपल्या गोधड्या आणून फरशी टिपत होती, आणि तिचा सेलवरचा रेडिओ उंबऱ्यावर बोलत होता. खडूची रेघ पाण्यात पुसून गेली होती. बानाबाईनं नेलपॉलिशची बाटली शोधली आणि कागदावरून मोजून लाल रेघ ओढली.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना लाइट आली. पंप चालला, वरचं पाणी भोकापर्यंत चढलं, खालचं रेघेच्या थोडं खालीच थांबलं. साहेबांनी बोर्डाजवळ जाऊन बटणावर हात ठेवला.

"बंद करू?"

बानाबाईनं नुसती मान हलवली.

खट्. खालचं पाणी चढायला लागलं. लाल रेघेला टेकलं. रेघेच्या वर गेलं. एक बोट, दोन बोटं, तीन. त्रिंबकनं तिचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चार बोटं. पाईपनं हवा ओढली, गुळगुळ केलं. पाणी थबकलं. काठाला अजून तीन बोटं बाकी होती आणि फरशी कोरडी होती.

साहेबांनी बटण परत चालू केलं. ड्रायव्हरच्या हातातला डबा घेतला आणि तो बानाबाईच्या ओट्यावर ठेवला. "हा ठेवून घ्या, पाणी बदलायला लागेल." दारापर्यंत गेले, मागं वळले. "नावं काय ठेवलीत हो तुम्ही त्यांची?"

तिनं सांगितली, आणि घाईघाईनं तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला.

त्याच दिवशी वच्छलाबाईच्या रेडिओनं बातमी दिली. ती गल्लीतून गुलालानं माखून धावत आली, बानाबाईच्या गळ्यात पडली. "बाने, माझंबी झालं गं! सोळा वर्षांनी झालं! चार तासांनी जिंकलीस तू!" आणि दोघी रडत-हसत उभ्या राहिल्या, एकीच्या पदराला खारं पाणी, दुसरीच्या गुलाल.

तेवढ्यात नळ गुरगुरला. पाणी आलं होतं. बानाबाईनं पदर खोचला. हंडा भरला, कळशी भरली, पातेली, तांबे, साहेबांनी दिलेला डबासुद्धा भरला. घरातलं सगळं भरून झालं तरी नळ चालूच होता, आणि हातात अजून एक भरलेला हंडा होता. सवयीनं ती वळली. समोर खालची टाकी होती. लाल रेघेच्या वरची जागा तशीच रिकामी होती. मायची थप्पड अजून गालावर बसते की काय, असं तिला वाटलं.

वर उधळ्यानं वाळू उडवली.

बानाबाईनं हंडा खाली ठेवला आणि वाहता नळ बंद केला.